खडूची रेघ

निजामाविरुद्धची पोलीस ॲक्शन होऊन चार वर्षं झाली होती. औरंगाबादच्या त्या शाळेतून उर्दू गेली, मराठी आली आणि तिच्या मागोमाग पुण्याहून मुकुंद हा तरुण मास्तर आला. पहिल्या दोन गोष्टींचं दत्तोपंत मास्तरांना फारसं काही वाटलं नाही. तिसरीनं मात्र त्यांची झोप उडवली. वीस वर्षं मॅट्रिकचं इंग्रजी त्यांच्याकडे होतं, आणि आता हेडमास्तरांनी फर्मान काढलं: एक आठवडा मुकुंद शिकवेल, एक आठवडा पंत, मग वर्ग कोणाला द्यायचा ते ठरवू.

मुकुंदच्या आठवड्यात पंत शेजारच्या खोलीत, दारातून फळा दिसेल असे, कान टवकारून बसत. धडा 'इफ'चा होता. खरंच घडण्यासारखं असेल तर क्रियापद कोणतं, नुसतंच मनातलं असेल तर कोणतं. पंत वर्षानुवर्षं 'मी बादशहा असतो तर' एवढं एकच वाक्य घोकून घेत. या कालच्या पोरानं फळ्यावर उभी रेघ मारली, डावीकडे खरं, उजवीकडे मनातलं, आणि म्हणाला, "आपापली वाक्यं सांगा." वर्ग नुसता खिदळत होता. पंतांचा जळफळाट झाला. हे आपल्याला का सुचू नये?

"तोंड का असं झालंय?" घरी यमुनाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"तो मुकुंद चहा बशीत न ओतता पितो," पंत म्हणाले.

आपल्या आठवड्यात पंतांनी सरळ तीच रेघ मारली. मागच्या बाकावर हेडमास्तर बसले होते; त्यांचा विषय फारसी, इंग्रजी जेमतेम. पंतांनी मनातलं वाक्य विचारलं. पोरं एकमेकांना कोपरानं ढोसू लागली. शेवटी फुलंब्रीचा पुंजाराम उठला. दोन वर्षांत याच्या तोंडून एक धड वाक्य निघालं नव्हतं.

"इफ मुकुंद सर टॉट अस, वुई वुड पास."

मुकुंद सर शिकवायला असते, तर आम्ही पास झालो असतो. पोरांनी माना खाली घातल्या.

"जुमला सही आहे का, पंत? वाक्य बरोबर आहे?" हेडमास्तरांनी विचारलं.

चूक म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं? शब्द ओठांवर आलाही होता. पण बरोबर वाक्याला चूक म्हणणं पंतांना जन्मात जमलं नव्हतं.

"सही आहे." त्यांनी ते वळणदार अक्षरात उजवीकडे लिहिलं. "पुंजाराम, हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाय, सर. माझं मीच केलं."

वीस वर्षांत पंतांच्या एकाही पोरानं स्वतःचं वाक्य केलं नव्हतं.

"मॅट्रिक मुकुंदाला द्या," ते हेडमास्तरांना म्हणाले, आणि पोटातली जळजळ तशीच घेऊन शाळेच्या पायऱ्या उतरले.