अस्तर न दिलेल्या भिंती

तिचे वडील भिंतींवर चित्रं रंगवायचे, आणि गाव त्यांना होयबा म्हणायचं. साहेबांच्या माणसांनी नुसतं बोट दाखवायचा अवकाश, हे शिडी घेऊन हजर. साहेबांचा चेहरा कुठल्या चौकात नव्हता तेवढंच विचारा. बरं, ते कामही धड नाही. वर्षाच्या आत गालांचे पोपडे निघायचे, नाक गळून पडायचं, आणि हे खाली मान घालून बोलणी खायचे आणि पुन्हा शिडीवर चढायचे. मोर्च्यात घोषणा देऊन घसा बसवून घेणाऱ्या मुलीला या माणसाची लेक म्हणवून घ्यायची लाज वाटे. शेवटची काही वर्षं ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली.

ते गेल्यावर ती सामान आवरायला बसली. ब्रश आधीच भंगाराच्या पोत्यात गेले होते. तेवढ्यात वडिलांचे परगावचे मित्र आले, पेशाने शिंपी. पाणीही न पिता त्यांनी पिशवीतून पत्रांचा गठ्ठा काढला.

"मी असेपर्यंत दाखवू नकोस म्हणाला होता. आता वाच."

तिने वरचंच पत्र उघडलं.

"आज पुन्हा साहेबांचं थोबाड रंगवलं. मिशी झकास जमली. त्या माणसात तेवढंच काय ते सरळ. नाही म्हणायची छाती माझ्यात नाही. पण भिंतीला अस्तर देत नाही. नुसत्या चुन्यावर रंग किती टिकणार? लोक म्हणतात, याचा हात गेला. म्हणू देत. शाळेच्या भिंतीवर पोरांसाठी हत्ती काढला, तिथे मात्र दोन हात अस्तर दिलंय."

तो हत्ती तिला चांगला माहीत होता. तिची मुलगी रोज त्याच्या सोंडेला हात लावून वर्गात जायची. त्याचं नखसुद्धा उडालेलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"तुझ्या पोटात काही राहत नाही म्हणायचा. आणि भिंती अजून बऱ्याच बाकी होत्या."

तिला हसू आलं, आणि लगेच भरूनही आलं. "काका, मी त्यांना तोंडावर होयबा म्हणाले होते."

"तेही लिहिलंय त्याने." शिंपीकाकांनी गठ्ठ्यातून एक पत्र नेमकं काढून दिलं.

"आज पोरगी मला होयबा म्हणाली, डोळ्यांत डोळे घालून. जेवण गेलं नाही. पण तुला म्हणून सांगतो, आतून खूश आहे. जी बापाला सुनवायला भीत नाही, ती साहेबाला काय भिणार? तिथे आपलं अस्तर पक्कं बसलंय."

तिने ते पत्र पुन्हा वाचलं. मग पोतं उपडं करून एकेक ब्रश वेचला. केस रंगाने वाळून कडक झाले होते. डोळे पुसत ती टर्पेंटाइनची बाटली शोधायला उठली.