सव्वीस मजले, अनवाणी

सांगते, पण हातातला चहा आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे ऐकताना शेजारच्या मिस्त्रीणकाकूंना ठसका लागला होता, आणि त्या चहाचे डाग माझ्या चादरीवर अजून आहेत.

आमचा मधू मुंबईला नोकरीला लागला, तेव्हाची गोष्ट. इमारतींचे नकाशे काढतात त्या ऑफिसात. आमचे हे फौजेत. वर्षातून एकदा घरी येणार आणि बर्फातून आल्यामुळे निम्मी रजा ऊन खात बसणार. साताऱ्याच्या त्या दोन खोल्यांत मी, देव आणि स्टोव्ह. तिघांत बोलणारा एकटा स्टोव्ह.

व्रतं मी लग्नाआधीपासून करत आलेय, पण मधू गेल्यावर ती वाढली. सोमवार, संकष्टी, शुक्रवार. आता खरं सांगू का? व्रताची कहाणी मोठ्यानं वाचायची असते. तेवढंच घरात कुणी बोलल्यासारखं वाटतं.

मधूचं पत्र म्हणजे तीन ओळी, बापावर गेलाय. पण त्या चैत्रात पाकिटातून एक फोटो आला.

‘आई, आमचं नवं काम पाठवतोय. सव्वीस मजल्यांची राहायची इमारत, सगळी काँक्रीटची. उभी झाली, आता खिडक्या पाडायचं चाललंय. मी सध्या अकराव्या मजल्यावर आहे. हे संपलं की चार दिवस घरी येतो.’

ती इमारत तुम्हाला कशी सांगू? आमच्या पेठेत कुणी माडी बांधली की तिला काय काय लागतं बघा. सज्ज्याला कमळं, गच्चीवर दोन मोर, दारावर गणपती, वर ‘मातृपितृकृपा’, आणि सगळ्याला मिळून पोपटी रंग. हिला यातलं काही नव्हतं. जमिनीतून उठली ती सरळ आभाळात. ना कंगोरा, ना नक्षी. खाली खिडक्यांच्या दहा ओळी, रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या मोजून-मापून घातलेल्या, आणि वर नुसती मोकळी भिंत.

पहिल्या दिवशी मला तिची दयाच आली. अंगावर फुटका मणी नाही बिचारीच्या. दुसऱ्या दिवशी वाटलं, तिला नकोच आहे. तिसऱ्या दिवशी ओळख पटली. माझं माहेर वडूजकडचं. तिथे आमच्या शेताच्या बांधावर देवीचा तांदळा आहे. तांदळा म्हणजे नुसता दगड, नाक-डोळे काही कोरलेलं नाही. पण समोर उभं राहिलं की ती आपल्याकडे बघते. ही इमारत तशी होती. मी फोटो देवांच्या फळीवर टेकवून ठेवला.

मग रोज संध्याकाळी दिवा लावला की दोन घटका तिच्याशी बोलायची सवयच लागली. एकाही खिडकीत कुणाचं लुगडं वाळत नव्हतं. कुणी डोकावत नव्हतं. कावळासुद्धा नव्हता. एवढं मोठं घर आणि आत हाक मारायला कुणी नाही. मी म्हणायची, बाई, तुझं नि माझं बरं जमेल.

इथवर सगळं ठीक होतं. माझी बुद्धी बघा, मी तो फोटो बापू मिस्त्रींना दाखवला. शेजारीच राहतात, चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. त्यांनी फोटो लांब धरला, जवळ धरला, उलटा करून पाठ बघितली.

“वैनी, काम लय झ्याक हाय. एक रेघ वाकडी न्हाई. पन परांची कुटं हाय?”

“परांची?”

“आवं, बाहेरनं खिडक्या पाडायच्या तर मानूस उभं कशावर ऱ्हानार? बांबू न्हाईत, फळ्या न्हाईत. एक मजूरबी दिसंना.”

“मग हो?”

बापूंनी टोपी काढून डोकं खाजवलं. “मंबईची तऱ्हा येगळी आसंल. वरनं दोर सोडत्यात. मानूस कमरंला बांधून लोंबकळत काम करतंय.”

झालं. माझा मधू लहानपणी चिंचेवरून उतरायला रडायचा, आणि तो अकराव्या मजल्याबाहेर दोराला लोंबकळतोय. मी त्याच दिवशी देवीपुढे पाणी सोडलं. सव्विसाव्या मजल्याची शेवटची खिडकी होईपर्यंत पायात वहाण घालणार नाही. आणि मधूला पत्र टाकलं, की बाबा, जपून रहा, खाली बघू नकोस.

त्याचं उत्तर आलं, ‘खाली न बघून कसं चालेल? दिवसभर वाकून वाकून पाठ गेली. बाविसाव्यावर आलोय.’

बाविसाव्यावरून वाकतोय! माझं जेवणच गेलं. आधीच एकटीसाठी काय रांधायचं हा प्रश्न होता, तो तेवढा सुटला.

आणि वैशाख म्हणजे काय विचारता. दुपारी बाजारात निघाले की मी सावलीवरून सावलीवर उड्या मारत जायची. मिस्त्रीणकाकू म्हणायच्या, “वैनी, चिमणीगत काय नाचताय?” बापूंनी दोराचं सगळ्या पेठेत सांगून ठेवलं होतं. दळणाच्या रांगेत बायका मला पुढे सोडायच्या. कुणी विचारायचं, “आज कितवा वो?” मी म्हणायची, “तेविसावा असेल.” सगळ्या जणी एकदम वर बघायच्या. जणू गिरणीच्या पत्र्यावरच मधू बसलाय.

शेवटी पत्र आलं. ‘इमारत पुरी झाली. बुधवारी सांगलीला मालकांना दाखवायची आहे. त्यांना पसंत पडली तर मला चार दिवस रजा. तू सांगलीला ये, तिथून बरोबर घरी जाऊ.’ खाली हळदीच्या एका पेढीचा पत्ता.

म्हणजे इमारत सांगलीत आहे. मी इतके दिवस उगाच मुंबईकडे तोंड करून हात जोडत होते. खण, नारळ, कुंकवाचा करंडा आणि तीर्थाची लहान गडवी घेऊन मी पहाटेच्या एसटीत बसले. नव्या वास्तूची ओटी भरायची होती. आणि तिच्यापुढेच मला वहाणा घालायच्या होत्या, म्हणून त्याही पिशवीत. पण जिवाला घोर वेगळाच. मालकाला पसंत नाही पडली तर? चार दिवसांसाठी मी चकलीची भाजणी करून ठेवली होती, मधूची गादी उन्हात टाकून आले होते.

इस्लामपूर मागे पडल्यावर मी कंडक्टरला विचारलं, “दादा, ती सव्वीस मजली कुठून दिसायला लागते?”

“कंची?”

“सांगलीतली. नवीन.”

“मावशी, सांगलीत तिसऱ्या माडीवर चढलं तर मानूस नारळ फोडतंय. सव्वीस कुठली?”

मी फोटो काढून दिला. तो फोटो पुढच्या बाकावरून मागच्या बाकापर्यंत फिरला. एक जण म्हणाला, पाण्याची नवी टाकी असेल. दुसरा म्हणाला, टाकीला खिडक्या कशाला, पाण्याला काय वारा लागतो? एक म्हातारा छातीवर हात ठेवून म्हणाला, “म्या बघितलीया. पुलापसनं दिसती.” त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास बसला, माझा तर सगळ्यात जास्त. पूल आला तेव्हा अर्धी एसटी डाव्या खिडक्यांना लागली होती. ड्रायव्हर ओरडला, “गाडी कलत्या, मागं सरका!” नदी दिसली, घाट दिसला. इमारत नाही. म्हातारा म्हणाला, धुकं हाय. वैशाखात, भर उन्हात.

पेढीवर पोचले. मधू दारातच होता. वाळला होता, पण हातपाय धड होते. मी ते मोजूनच घेतले. आत गादीवर मालक, अण्णाशेठ, म्हातारा माणूस, अंगाला हळदीचा वास. मधू म्हणाला, “आई, बस. आता दाखवतोच.”

मी लगबगीनं खिडकीशी गेले आणि बाहेर बघू लागले. गोदाम, बैलगाड्या, कडुलिंब. मान उंच करून आणखी वर बघितलं. आभाळ.

“आई, इकडे.”

वळून बघितलं, तर मधू टेबलावरच्या कशावरून तरी चादर काढत होता. चादरीखाली माझी इमारत. तीच भिंत, त्याच ओळी, सव्वीसच्या सव्वीस मजले. उंची माझ्या कमरेइतकी. पुठ्ठ्याची, राखेच्या रंगाचा हात दिलेली. खरी अजून बांधायची होती, मुंबईत. हा नुसता नमुना, आधी बघायला. मधूनं टेबलापाशी खुर्चीवर बसून, वाकून, पात्यानं एकेक खिडकी कापली होती.

मी बाकावर बसले आणि पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

अण्णाशेठनी इमारतीला एक फेरी घातली. “मधुकरराव, ह्यात बघायचं काय? सज्ज्याला महिरप न्हाई, वर कळस न्हाई. एवढा पैका घालून नुसती भिंत?”

मधू कागद चाळू लागला. त्याचे कान लाल झाले. माझे चार दिवस त्या कानांतून जाताना मला दिसले. मग मला राहवलं नाही.

“अण्णा,” मी म्हटलं, “तुमच्याकडे शेतात तांदळा आहे का हो देवीचा?”

“हाय की. कडेगावच्या रानात.”

“त्याला महिरप आहे?”

“दगडाला कसली महिरप?”

“नाक-डोळे?”

“न्हाईत.”

“मग हात का जोडता?”

अण्णाशेठ इमारतीपुढे उभे राहिले, एक पाऊल मागे गेले, डोळे बारीक केले. “आयला,” हळूच म्हणाले, “बघतीया की.”

इथे थांबायचं होतं ना मी? पण नाही. मला स्फुरण चढलेलं. तांदळा म्हटल्यावर हात आपोआप पिशवीत गेला. गडवीतलं तीर्थ इमारतीवर शिंपडलं, बोट ओलं केलं, करंड्यात बुडवलं आणि सव्विसाव्या मजल्याखाली बरोबर मधोमध ठसठशीत कुंकू लावलं.

तीर्थ पुठ्ठ्याला लागलं. गच्ची आधी फुगली, मग पापडासारखी कडेनं उचलली. डिंक सुटला. कुंकवाचा ओघळ पंचविसावा, चोविसावा करत खाली निघाला. आम्ही तिघं त्याच्याकडे बघत होतो. तो एकोणिसाव्या मजल्यावर एका खिडकीत शिरला.

“आई,” मधू म्हणाला. एवढंच.

अण्णाशेठ पहिले बोलले. “इमारत पसंत. ही न्हवं, हिच्यासारखी कोरी. माझ्या भागीदारांस्नी दावायची हाय. पंधरा दिसांत नवी करून आना.” मग माझ्याकडे वळून, “तुमी नका येऊ.”

रजा गेलीच. मला साताऱ्याला सोडून तो तसाच पुढे मुंबईला जाणार होता. परतीच्या एसटीत मधू मांडीवर ती भिजलेली इमारत घेऊन बसला होता. कऱ्हाडला त्याचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. टाचांना फोड होते.

“वहाणा कुठायत तुझ्या?”

“पिशवीत.”

“पिशवीत?”

मग दोर सांगितला, परांची सांगितली, नवस सांगितला.

“आई, मी खुर्चीवर बसलो होतो गं. पडलो असतो तरी किती, दीड फूट.”

“पण पडला नाहीस ना?” मी म्हटलं. “मग?”

तो वाकला, पिशवीतून वहाणा काढल्या आणि माझ्या पायांपुढे ठेवल्या. मुंबईला जाऊन-येऊन नवं काम पंधरा दिवसांत उरकायचं नाही, म्हणाला. त्यानं ऑफिसला तार केली, पुठ्ठे मागवले आणि साताऱ्यालाच, माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून, इमारत पहिल्यापासून उभी केली. चार दिवस मागितले होते, पंधरा मिळाले. मला दहा हात लांब बसायची ताकीद होती. मी लांब बसून चकल्या तळल्या आणि त्यानं मजला सांगितला की पेठेत जाऊन कळवलं. बापू मिस्त्री येऊन बघून गेले. म्हणाले, “परांची न्हाई ती बरोबरच हाय. मला वाटलंच होतं.”

नवी इमारत गेली, मधूही गेला. कुंकवाची ती जुनी मात्र माझ्याकडेच आहे, देवांच्या फळीशेजारी. संध्याकाळी दिवा लावला की एकोणिसाव्या मजल्यावरची ती लाल खिडकी आधी दिसते. तिथे कुणीतरी राहतंय असं वाटतं.

परवा पुन्हा पत्र आलंय. ‘आई, आता पस्तीस मजली करतोय. सातव्यावर आहे.’ मी लगेच उलट टपालानं विचारलं, किती विती उंच? आणि लिहिलं, झाली की जाता जाता घरी आण, एकदा डोळे भरून बघते. लांबून. करंडा फडताळात कुलूप लावून ठेवलाय, असंही लिहिलं.

कुलूप लावलंय. किल्ली कमरेला आहे.