सोपानतात्यांनी न घेतलेलं पाणी

सणसरच्या सोपानतात्यांना पाण्याची हाव होती. हे मी, त्यांचा रानशेजारी, त्यांच्या तोंडावर म्हणत असे आणि ते खूश होत. कालव्याला पाणी सुटून रानाकडे येणाऱ्या चारीवर त्यांची पाळी आली, की तात्या खोरं घेऊन बांधावर ठाण मांडत. रान तुडुंब झाल्याशिवाय दार बंद करत नसत. ठिबकला ते आजाऱ्याचं सलाईन म्हणत.

उसात हे खपून गेलं. पण त्यांच्या बायकोनं, फुलाबाईंनी, हट्टानं लावलेलं डाळिंब त्यांच्या माघारी तात्यांकडे आलं, आणि तात्यांनी तेही उसाच्याच हातानं सांभाळलं. पाय रुतेल अशा चिखलात झाडांनी माना टाकल्या. तात्यांना वाटलं, तहानलीत. त्यांनी आणखी पाणी दिलं. निम्मी बाग वाळली. बायकोची तेवढी एकच खूण रानात उरलेली. तात्यांना जेवण जाईना.

सून संजीवनी बारामतीला कॉलेजात जीवशास्त्र शिकलेली. तिनं एक मूळ उकरून त्यांच्या हातात दिलं. काळं, लिबलिबीत, कुजका वास मारणारं.

"तात्या, झाडं उपाशी हायेत."

"पाणी हाय, खत हाय. उपाशी कशी?"

"पानात तयार झालेली साखर मुळापतुर येती. पर मुळातली एकेक पेशी हवेतला ऑक्सिजन घिऊन ती साखर जाळती, तवा तिला ताकद मिळती. त्या ताकदीवर मूळ जगतं, मातीतलं खत वडतं, पाणी वर धाडतं. रानात पाणीच तुंबल्यावर हवा कुठनं शिरणार? हवेबिगर तीस मापांच्या जागी दोनच मापं ताकद हाती लागती. चुलीचं तोंड लिंपून टाकल्यावर लाकडं असून भाकर भाजंल का?"

तात्या ते मूळ बोटांनी चोळत राहिले. "म्हंजी मीच मारली," एवढंच म्हणाले. मला त्यांची फार दया आली.

उपाय साधा होता. चर काढून तुंबलेलं पाणी बाहेर घालवायचं, माती मोकळी करायची आणि येणारी पाळी घ्यायची नाही. नाहीतर उरलेली झाडंही जाणार होती. चर लगेच झाले. पाळीचं मात्र अवघड होतं. आमच्याकडे लोक लग्नाच्या पंगतीतून उठून पाळीला जातात. त्यातून तात्यांनी पाणी घेतलं नाही तर ते खाली दादासाहेबांच्या उसात जाणार. दादासाहेब धाकटे भाऊ. बांधाच्या भांडणातून दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद.

पाळीच्या सकाळी तात्या चारीवर आले आणि त्यांनी दार उघडलंच नाही. कडुलिंबाला टेकून बसले. पाणी समोरून खळखळत गेलं. ते बघत होते आणि मी त्यांना बघत होतो. गावात काय बोलतील, हा विचार दोघांच्याही डोक्यात असावा.

थोड्या वेळानं चारीच्या कडेनं दादासाहेब पळत आले. अनवाणी, डोक्याला टोपी नाही, गुडघाभर चिखल. तात्यांना बसलेलं पाहून जागीच थबकले.

"काय झालं रं?" तात्यांनी विचारलं.

"तुमच्या पाळीचं पाणी माझ्या उसात आलं," दादासाहेब म्हणाले. "मला वाटलं, तात्या गेलं."

आणि ते तिथंच हमसून रडायला लागले.