मोजून दिलेला उजेड

“हात दाखवा, बाई.” काका मला उद्देशून बोललेले हे पहिले वाक्य. हात धुतलेले आणि कोरडे आहेत याची खात्री झाल्याशिवाय ते कोणालाही जपानी चित्रांच्या कपाटापाशी येऊ देत नसत. संचालकांनाही त्यांनी एकदा परत हात धुवायला पाठवले होते.

ऐंशीच्या दशकात, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, मी शिकागोच्या एका लहानशा संग्रहालयात नोंदी करण्याचे काम शिकू लागले. मी ज्यांना पुढे काका म्हणू लागले, ते तिथे चित्रे चौकटीत बसवत. मूळचे नागपूरचे ड्राफ्ट्समन, घर शिकागोजवळच्या शॉमबर्ग उपनगरात. जुन्या दरबारी कवितांवरून लाकडी ठशांनी छापलेली ती चित्रे. कोपऱ्यात पाच चरणांची कविता. आम्हा दोघांनाही ती वाचता येत नसे.

एकदा धीर करून मी म्हटले, “काका, सूचीत लिहिलंय की या कवितेत विरह आहे. चित्रात तर माणूसच नाही.”

“म्हणून तर विरह. आणि ते पेन पर्समध्ये टाका, इथे फक्त पेन्सिल.”

त्या चित्रांतला निळा रंग एका रानफुलापासून केलेला. उजेडात तो उडून जातो. म्हणून तीन महिने भिंतीवर राहिलेले चित्र पुढची काही वर्षे अंधाऱ्या खणात ठेवायचे. काका याला रजा म्हणत. “सॉरी, हे रजेवर आहे,” असे ते बड्या पाहुण्यांनाही ऐकवत.

त्यांच्या घरीही असे एक चित्र होते: निळी नदी आणि काठाशी रिकामी होडी. तेही खणातच. “आमच्याकडे एक भाडेकरू आहे,” काकू सांगत, “तोंड म्हणून दाखवत नाही.”

मग काकू अंथरुणाला खिळल्या. त्यांनी एकच मागितले: ते चित्र पलंगासमोर लावा. काका ते रोज दहा मिनिटे दाखवत. पडदे ओढून, घड्याळ लावून. तुम्ही त्या खोलीत असता तर काय केले असते, कोण जाणे. मी होते.

“अहो, राहू द्या ना जरा.”

“रंग फेड होईल गं. तू बरी हो, मग आठवडाभर लावू.”

“मी कुठली थांबते तोवर,” काकू माझ्याकडे पाहत म्हणाल्या. काकांनी चित्र पातळ कागदात गुंडाळले. मी घड्याळ बंद केले. आम्हाला शिकवले होते, तेच ते करत होते.

काकू मार्चमध्ये गेल्या. काका कामावर परतले नाहीत. ऑगस्टमध्ये मी संकोचतच त्यांच्याकडे गेले. चित्र पलंगासमोर लावलेले होते, पडदे काढून टाकलेले, दुपारचे ऊन थेट कागदावर. होडी कोऱ्या जागेत उभी होती.

“कधी लावलंत?”

“तेराव्याला.” ते पलंगाच्या कडेवर बसले होते. “दोन महिने मागत होती हो. दोन महिन्यांत असं किती गेलं असतं?”

थोडासा रंग गेला असता. हे त्यांना माझ्याहून अधिक ठाऊक होते.

मग त्यांनी विचारले, “नदी दिसते ना अजून?”

“दिसते,” मी म्हणाले.

एकही चुकीची नोंद कधी खपवून न घेणाऱ्या काकांनी मान डोलावली.