तीसपैकी अकरा पाकिटं

ही पोस्ट सकाळपासून चार वेळा लिहून पुसली.
खरं तर वर्षभर पुसतोय.

जब्बारभाईंना जाऊन आज वर्ष झालं. आणि त्यांच्या नावाखाली माझं खोटं आज सकाळपर्यंत इंटरनेटवर होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. जब्बारभाई म्हणजे उदगीरचे मोटार वाइंडिंगवाले. जळालेली पाण्याची मोटार द्या, तांब्याची तार नव्यानं भरून देणार. शिक्षण सातवी. पन्नाशीत मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून सर्किट शिकले आणि सोयाबीनची ओल मोजायचं मशीन बनवलं.

एक मोठा स्टीलचा ग्लास, मधे नळी, खाली छोटं सर्किट. ग्लासात सोयाबीन भरा, आकडा दिसतो.

बाजारात आडत्या "ओल लई हाय" म्हणतो आणि भाव पाडतो. शेतकऱ्यानं घरूनच आकडा बघून निघावं, एवढंच भाईंचं म्हणणं.

विकलं नाही. सर्किट, कोड, ग्लास कोणता घ्यायचा, सगळं मराठीत लिहून नेटवर फुकट टाकलं.

मी म्हणालो, "भाई, पेटंट घ्या ना."
"मियाँ, खिचडीचं पेटंट घेतंय का कोणी?"

मी औशाचा. आयटीआय अर्धवट. मित्राची मोटार घेऊन भाईंकडे आलो होतो, दोन तास थांबायचं होतं, दोन वर्षं थांबलो. तेही मधून मधून. कधी लातूरला कुरिअर, कधी हैदराबाद. एकदा महिनाभर गोव्यात होतो, का गेलो ते आता आठवतही नाही.

परत आलो की भाई मान वर न करता विचारायचे, "पायलट, उतरलास का?"

भरकटलो. मुद्दा राहिला.

मशीनला आकडे शिकवावे लागतात. कमी-जास्त ओलीचं सोयाबीन वेगवेगळ्या पाकिटांत बंद करायचं. एकेक पाकीट ग्लासात ओतून मशीन काय सांगतं ते लिहायचं. मग त्यातलंच थोडं भरडायचं, वजन करायचं, भाभींच्या ओव्हनमध्ये वाळवायचं, परत वजन. जेवढं घटलं तेवढी ओल.

वजन सराफाकडे. एवढा बारीक काटा दुसरा कोणाकडे असणार?
शेठ वैतागायचे, "जब्बारमियाँ, गिऱ्हाइकांना वाटून राहिलंय मी सोयाबीन गहाण घेतो!"

सोयाबीनचं नवीन वाण आलं, मशीनला त्याचे आकडे शिकवायचे होते, तेव्हा भाई आजारी होते. तीस पाकिटं माझ्या हातात दिली.
"एकेक कर. घाई नक्को."

अकरा केली. सगळी कोरडी. ओली किचकट म्हणून शेवटी ठेवली होती.

तेवढ्यात नांदेडहून दोस्ताचा फोन. लग्नातल्या लाइटिंगचं काम, चार दिवस, चल.

उरलेली एकोणीस मी नांदेडच्या बसस्टँडवर केली, मांडीवर लॅपटॉप ठेवून.
म्हणजे केली नाहीत.
अकरा ठिपक्यांतून सरळ रेघ पुढे ओढली आणि रेघेवरचे आकडे भरले. खरे वाटावेत म्हणून थोडे इकडंतिकडं केले.

हे शेवटचं वाक्य लिहायलाच वर्ष लागलं मला.

लातूरच्या दवाखान्यात भाईंना तक्ता दाखवला. सलाइन लावलेल्या हातानं स्क्रोल करत होते.

"तीसच्या तीस केली?"
"हाव भाई."
"ओली पण?"
"हाव."

भाभींकडे वळून म्हणाले, "बघ, पायलट पहिल्यांदा नीट उतरला."
आणि तक्त्याखाली एका बोटानं टाइप केलं: तपासलं आहे. जब्बार.

नवव्या दिवशी गेले.

लोकांनी विश्वास ठेवला तो त्या नावावर. परभणीतून फोटो आले, हिंगोलीतून आले. कोणी ग्लासाला हळदकुंकू लावलेलं.

पासवर्ड माझ्याकडे, म्हणून प्रोजेक्ट मीच चालवतोय. वर्षभरात नवीन स्क्रीन बसवली, सर्किटची डबी सुंदर केली, भाईंच्या फोटोचं स्टिकर छापून घेतलं.
तक्त्याला हात लावला नाही.

दिवाळीनंतर कोणीतरी व्हिडिओ टाकला. लातूरच्या आडतीत एक काका आपला ग्लास छातीशी धरून भांडतायत. "आमचं मशीन खोटं बोलत न्हाई!" आडत्या हसतोय.
सगळ्यांनी लाइक केलं. मी हार्ट टाकला.

त्या दिवशी आडत्याच बरोबर असणार. माल ओला असला की आपलं मशीन कमी दाखवत असणार.
मला शंका होती. तपासलं असतं तर खरं निघालं असतं, म्हणून तपासलं नाही.

आज सकाळी बरसीची फातिहा झाली. भाभींनी दुकान उघडलंय. मी भाईंच्या बाकड्यावर बसून तो तक्ता काढून टाकला. त्या जागी लिहिलं: यातले एकोणीस आकडे मी मनानं भरले होते. जब्बारभाईंना माहीत नव्हतं. ज्यांनी मशीन बनवलंय त्यांनी ओल्या मालासाठी सध्या त्यावर विसंबू नये.

जगाला सांगितलं. भाभींना नाही. त्या चार हात अंतरावर चहा गाळतायत आणि मी इथं टाइप करतोय. मला हे असंच जमतं.

थांबा, कोणीतरी आलंय.

.
.

निलंग्याकडच्या एक ताई आहेत. मी ओळखत नाही, भाभीही ओळखत नाहीत. एसटीनं आल्यात, साइटवरचा पत्ता विचारत विचारत. पिशवीतून स्टीलचा ग्लास काढला. आपलंच मशीन, स्वतः जोडलेलं.

म्हणाल्या, "ओल्या मालाला चुकतंय हो हे. मला वाटलं माझीच जोडणी चुकली. तीनदा खोललं. मग वाळवून, तोलून बघितलं." वहीचं पान पुढं केलं. पान भरून आकडे. ओल्याचेसुद्धा. ओल्यांपैकी एकही माझ्या रेघेवर बसत नाही.

मग आवाज बारीक करून विचारलं,
"जब्बारभाई हाईत का? त्यांची चूक काढली म्हणून रागावणार न्हाईत ना?"

भाभींनी त्यांना खुर्ची दिली आणि माझ्याकडे बघतायत.

सलाम, भाई.
फोन ठेवतो. दोघींना सांगायचंय.