अस्सल सांबल

नवरा कंपनीच्या कामानं मलेशियात काय राहून आला, अमरावतीचं सगळंच त्याला नकली वाटायला लागलं. त्याचा खरा राग मात्र माझ्या आईवर. तेल्हाऱ्याहून आली की ती आमच्याकडे घासही घ्यायची नाही. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं खायचं नाही, हा आमचा रिवाज. ती भाकरी-ठेचा बांधून आणायची आणि याचा अपमान व्हायचा.

शहरात मलेशियन रेस्टॉरंट उघडलं तेव्हा तो म्हणाला, "आई, हॉटेल काही माझं घर नाही. तिथं तर जेवाल?" आई खुलली. जावई हौसेनं नेतोय म्हणून तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. गळ्यात तुळशीची माळ होतीच. लग्नाआधीपासून ती माळकरी. अंड्याचं भांडंसुद्धा तिच्या घरात आलं नव्हतं.

मी हात धुऊन येईपर्यंत त्यानं ऑर्डर देऊन टाकली. नारळाच्या दुधातला भात, शेंगदाणे, काकडी आणि सांबल नावाची लालभडक चटणी. मी विचारलं तर म्हणाला, "अंडं, मासे काढायला लावलेत. खा बिनधास्त."

आईनं चटणी चाखली. "आपल्या ठेच्यावानीच हाये हे, जावाईबापू. अजून घ्या मागवून." तो इतका खूश झाला, की तिनं पुन्हा एकदा मागितली.

वाटी पुसून झाल्यावर तो हसत म्हणाला, "यात झिंगे असतात, आई. आंबवून वाटलेले. वेटर विचारत होता, बिनझिंग्याची करू का? मी म्हटलं, अस्सलच आण. बघा, झालं का काही?"

आई उठली. बेसिनपाशी जाऊन तिनं घशात बोटं घातली. लोक माना वळवून बघत होते आणि हा बडीशेप चघळत बसला होता. ताट उचलून त्याच्या तोंडावर मारावंसं वाटलं मला. आई परत आली आणि तिनं माझा हात धरून ठेवला.

अकोल्यापर्यंत मी तिच्यासोबत गेले. स्टँडवर तेल्हाऱ्याची बस लागली तेव्हा तिनं माळ उतरवून माझ्या हातात दिली.

"नदीत सोडजो."

"महाराजांकडून दुसरी घालून घे ना, आई."

"पयली काहून उतरवली, ते सांगा लागते त्याईले. खोटं बोलून माळ घालता येत नाही, अन् खरं सांगतलं तं गावभर जावायाचं नाव निघन. तुले त्याच्याच घरी रायनं हाये."

बसमध्ये चढल्यावर खिडकीतून म्हणाली, "वास आला होता मले. पन एवढ्या हौसेनं नेलं त्यानं, नाव कसं ठेवू?"

गावात ती सांगते, दोरा तुटला. भजनाला जायचं तिनं बंद केलं. आमच्याकडे पाहुणे आले की नवरा अजूनही तो किस्सा रंगवतो, सासूबाईंनी झिंग्याची चटणी दोनदा मागून खाल्ली म्हणून. पाहुणे पोट धरून हसतात. मग तो मला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावतो, "खरं की नाही गं?"

मी हो म्हणते. मला त्याच्याच घरी राहायचं आहे.