खलीलभाईच्या गॅरेजातलं लढाऊ विमान

ताडपत्री शिवणाऱ्या बाईच्या मशीनखाली कातरण साठतच राहतं. सकाळी झाडून काढावं तर दुपारी पुन्हा घोट्याएवढं. आमच्या गॅरेजातल्या गोष्टींचंही तसंच आहे. एक उचलावी तर तिच्या टोकाला दुसरी लोंबत येते. त्यातून ज्या साली खलीलभाईंनी ट्रकच्या बॉड्या बाजूला सारून विमान बांधायला घेतलं, त्या सालच्या गोष्टी तर किती झाडल्या तरी सरत नाहीत.

नळदुर्गच्या जरा पुढं, हायवेला लागूनच खलीलभाईंचं गॅरेज. ते ट्रकच्या बॉड्या बांधतात, बाळू पेंटर त्या रंगवतो आणि त्यावरच्या ताडपत्र्या मी शिवते. रस्त्याच्या पलीकडं नानांचा ढाबा. आणि आमच्या बाकड्यावर रोज सकाळी येऊन बसणारे आबा. एवढी माणसं ध्यानात ठेवली तरी पुरे.

* * *

आबा तरुणपणी हवाई दलात होते. एकाहत्तरच्या लढाईत विमानांची देखभाल करायचे. पण गावात हे कुणाला पटायचं नाही, कारण आबा सांगायचे ते विमानच पटण्यासारखं नव्हतं. नाव त्याचं नॅट. लढाऊ विमान, पण इतकं लहान की पंख आबांच्या छातीला लागायचा.

"लढाईचं विमान हाय का करडू?" नाना विचारायचे. "ट्रकापेक्षा बारकं विमान घेऊन कोण लढायला जातंय?"

"म्या ह्या हातानं त्याचं काम केलंय, नाना."

"केलं असंल की. तिथं भांडी घासायला बी माणसं लागतच असतील."

सगळं बाकडं हसलं. आबा हसले नाहीत. जन्मभर हेच ऐकत आलेला माणूस. त्या दिवशी त्यांनी चहा तसाच ठेवला, उठले आणि खलीलभाईंपुढं जाऊन उभे राहिले.

"खलील, खरं होतं तेवढंच विमान बांधून देशील का? मरायच्या आधी ह्या लोकांना दाखवायचंय. म्या खोटं बोलत नव्हतो, एवढं कळलं तरी बास."

खलीलभाईंनी तोंडातली सुपारी ह्या गालातून त्या गालात नेली. बराच विचार केला. मग म्हणाले, "आबा, माल चढवायचा फाळका मागं ठेवू का बाजूला?"

* * *

खलीलभाईंनी आजवर नकाशा बघून कधी काही बांधलं नाही. खडू, सुतळी आणि डोळा. आबांकडंही नकाशा नव्हता. मग मापं घ्यायची कशाची?

आबा गॅरेजामागच्या मोकळ्या जागेत गेले आणि हवेत कोपर टेकवून उभे राहिले. "इथं पंखाची कड." खलीलभाईंनी कोपराखाली बांबू रोवला. मग आबा वाकले, खांदा तिरका करून सरकले. "इथनं जाताना डोकं वाचवायचं." तिथं दुसरा बांबू. मग धोतराची फिकीर न करता सरळ मातीत उताणे झोपले, एक हात वर केला आणि हवेतच पाना फिरवल्यासारखी मूठ फिरवली. "इथं माझी मूठ पुरायची." मुठीच्या उंचीला सुतळी.

मी मशीन थांबवून बघत होते. म्हातारा डोळे मिटून मातीत पडलेला, आणि हात मात्र अशा चपळाईनं हलायला लागलेले, जसं कुणी मागून घाई करायलंय. मला वाटलं, ह्याच्या हातांचं वय वाढायचं राहून गेलंय.

दुसऱ्या दिवशी बाळूनं मोबाईलवर त्या विमानाची खरी मापं शोधून आणली. खलीलभाईंनी टेप काढला, एकेक बांबू मोजला, बाळूला आकडे पुन्हा वाचायला लावले. मग टेप गुंडाळला आणि म्हणाले, "मोबाईल बरोबर हाय."

* * *

ही बातमी पलीकडं ढाब्यावर गेली. नाना लुंगी सावरत रस्ता ओलांडून आले.

"बरं, मानलं. विमान बारकंच असतंय. पण ह्या म्हाताऱ्यानं त्याला हात लावला हुता, हे कोण सांगणार?"

मी म्हटलं, "बांबू बघितले न्हाईत का? डोळ्यांत राख गेली काय तुमच्या?"

"ताडपत्री शिवणारीला विमानातलं काय कळतंय गं?"

"न्हाय कळत. म्हणून मी बोलत न्हाय. तुम्हांला बी कळत न्हाय, तुम्ही का बोलता?"

नाना गेले. पण आबांच्या तोंडाकडं बघितलं तर ते पडलेलं. विमान उभं राहील, पण नानांचा सवाल तसाच उभा राहील, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

* * *

सांगाडा उभा राहिला, पत्रा चढला. एका सकाळी आबा हात फिरवत विमानाच्या पोटाकडून शेपटीकडं निघाले आणि मध्येच थबकले. दोन्ही बाजूंनी ओळीनं लोखंडी हुक.

"खलील, हे काय हाय?"

"हुक."

"ते दिसतंय. विमानाला हुक?"

कामगारांनी हाताच्या सवयीनं मारले होते. बॉडी म्हटली की हुक, हुकाला दोरी, दोरीखाली ताडपत्री. मला तर बघून बरंच वाटलं होतं, म्हटलं, चला, आपल्यालाही काम निघालं.

आबांचा आवाज चढला. "लढाऊ विमानाला हुक कशाला लागतोय रे?"

खलीलभाई शांतपणे म्हणाले, "आबा, माल उडून जाऊ नये म्हणून."

* * *

वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेवरून सगळ्यांची झोप उडाली. आबा म्हणायचे, जोड चालणार नाही, साबणाच्या फुग्यासारखं एकसंध झाकण पाहिजे. दुकानांच्या पाट्या करणाऱ्याकडून प्लास्टिकची जाड पारदर्शक शीट आणली. पण ती फुगवायची कशी? तापवल्याशिवाय वाकत नाही, आणि एवढी मोठी भट्टी कुणाकडं?

बेकरीवाल्या चाचांकडं. पाव निघून भट्टी जरा निवली की शीट आत. पहिली शीट पापडासारखी वळली. दुसरीला फोड आले. चाचा म्हणाले, "तुम लोग हटो. जे भाजायचं ते माझ्यावर सोडा." भट्टीच्या दारात तळहात धरून ते उभे राहिले, जसं खारीसाठी राहतात. मध्येच म्हणाले, "आता."

लाकडी साच्यावर ती शीट अशी बसली, की कुठं सुरकुती म्हणून दिसली नाही. गार झाल्यावर बाहेर उन्हात आणली. त्यात अख्खं आभाळ वाकलेलं दिसत होतं. एवढी वर्षं हायवेला काढली, पण इतकी सुंदर वस्तू मी तिथं बघितली नव्हती.

आबांनी त्यात डोकं घालून बघितलं. बराच वेळ आतच होते. मला वाटलं, रडतायत. बाहेर आले आणि म्हणाले, "बरोबर हाय. फक्त त्या वेळी नानकटाईचा वास येत नव्हता."

* * *

मग रंग. बाळूनं चांदीसारखा रंग मारला, पंखांवर तिरंगी गोल काढले. सकाळी आम्ही येऊन बघतो तर शेपटीवर लाल अक्षरांत, खाली नक्षी काढून, "आईची कृपा".

आबा म्हणाले, "पूस ते."

बाळू म्हणाला, "आबा, तुळजापूर हाकेच्या अंतरावर हाय. आईचं नाव म्या पुसू?"

आबांनी खलीलभाईंकडं बघितलं. खलीलभाई म्हणाले, "माझ्याकडं बघू नका. मी ह्याच रस्त्यावर धंदा करतो." माझ्याकडं बघितलं. मी सरळ मशीन चालू केलं. शेवटी आबांनी स्वतः थिनरचं फडकं हातात घेतलं, शेपटीपाशी गेले, आणि फडकं तसंच धरून उभे राहिले. खऱ्या विमानावर असं काही नव्हतं, म्हणून ठेवता येईना. आणि आई ती आई, म्हणून पुसता येईना. फडकं वाळून गेलं.

मीच उठले. म्हटलं, "बाळ्या, हेच नाव आत बैठकीमागं वरच्या बाजूला लिही, चांगल्या जागी. आई आत जाऊन बसली की बाहेर नुसता पत्रा राहतोय. मग मार त्यावर चांदी."

तसंच केलं. आबा मला म्हणाले, "तू हवाई दलात पाहिजे होतीस." मी म्हटलं, "तिथं ताडपत्र्या कोण शिवू देणार होतं मला?"

* * *

माझ्या वाट्याला आले बैठकीचे पट्टे. आबांनी सांगितलं तसे शिवले, दिले. त्यांनी ओढून बघितले आणि परत माझ्यापुढं टाकले. "शिलाई उसवंल."

माझं डोकंच फिरलं. "आबा, माझ्या शिलाईखालून सोलापूर-हैदराबाद माल जातोय. आजवर एक पोतं भिजलेलं न्हाय. मला शिलाई शिकवू नका."

आबा भांडले नाहीत. हळूच म्हणाले, "पोतं न्हाय गं बाई. ह्यात पोरगं बसायचं. वीस-बावीस वर्षांचं. म्या पट्टा आवळायचो, ते हसायचं आणि म्हणायचं, जरा ढिला ठेवा. म्या न्हाय ठेवायचो."

हे विमान उडणार नाही, त्यात कुणी बसणार नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी ते पट्टे उसवले आणि दुहेरी दोऱ्यानं पुन्हा शिवले.

* * *

विमान रस्त्याच्या कडेला आणून उभं केलं. मग काय विचारता. ट्रक थांबायला लागले, लग्नाची वऱ्हाडं थांबायला लागली, एसटीतल्या बाया खिडकीतून हात जोडायला लागल्या. कुणी पंखाखाली उभं राहून फोटो काढायचं, कुणी पोराला नाकावर बसवायचं. सगळं गिऱ्हाईक नानांच्या ढाब्यावर.

आणि नाना चहा देता देता सांगायचे, "आमच्या गावातच बनलंय. ते बाकड्यावर बसलेलं म्हातारं हाय ना, ते हवाई दलात भांडी घासायला हुतं. तिथं लांबनं बघितलं असंल."

मी दोनदा तिकडं जाऊन नानांची अब्रू काढून आले. काही उपयोग झाला नाही. हसून हसून लोक ते पुढच्या गावाला घेऊन जायचे. आबांनी विमानाकडं पाठ करून बसायला सुरुवात केली. मी विचारलं, तर म्हणाले, "बांधायचं ते बांधून झालं. खरं-खोटं करणारा माणूस कुठनं बांधून आणू?"

* * *

एका दुपारी एक गाडी थांबली. आतून उंच, वाकलेला एक म्हातारा उतरला. काठी, पांढऱ्या मिशा. सोबत मुलगी होती, ती म्हणाली, "पप्पा, सावकाश." त्यांनी काही ऐकलं नाही. सरळ विमानाकडं आले. मी वाटेत होते, तर काठी माझ्या हातात दिली, खुंटीला अडकवावी तशी. मी एरवी खपवून घेतलं नसतं. पण त्या माणसाचं लक्ष विमानावरून हलतच नव्हतं.

नाना चहाची किटली घेऊन आलेच होते. "बघा साहेब, बघा. फोटो काढायचा तर इथं नाकापुढं उभं राहा."

साहेबांनी नानांकडं बघितलंही नाही. डाव्या बाजूनं सुरुवात केली. पत्र्यावर तळहात टेकवला आणि तसाच पुढं नेत चालायला लागले. नाक बघितलं. वाकून चाक बघितलं, त्याला पायानं ठोकरलं. पंखाखालून जाताना डोकं बरोबर तिथं वाकवलं, जिथं आबांनी बांबू रोवायला लावला होता.

बाकड्यावरून आबा उठले. टोपी नीट केली, सदऱ्याची गुंडी लावली. गेले आणि साहेबांच्या मागं एक पाऊल सोडून चालायला लागले. कुणी कुणाला नाव विचारलं नाही. साहेब जिथं हात लावत, तिथं मागून आबांचा हात जाई. शेपटीपाशी साहेब थांबले आणि मागं न बघता हात पुढं केला. आबांनी खिशातला रुमाल त्यात दिला. साहेबांनी शेपटीच्या भोकातली धूळ पुसली, रुमाल परत केला. फेरी पुरी झाली.

तोवर गर्दी जमली होती. ट्रकवाले, ढाब्यावरची गिऱ्हाइकं, निम्मं गाव.

साहेबांनी चढायला पाय उचलला, गुडघा वर येईना. आबांनी दोन्ही हातांचा पाळणा करून बुटाखाली धरला. साहेब आत बसले. आबांनी वर चढून पट्टे त्यांच्या खांद्यावरून आणले आणि आवळले. साहेब काहीतरी बोलले. आबांनी मान हलवून नाही म्हटलं आणि आणखी ओढले. साहेब हसले.

मग आबा खाली उतरून विमानापुढं बाजूला, साहेबांना दिसतील असे उभे राहिले. ताठ. साहेबांनी झाकण लावून घेतलं, एक बोट वर केलं आणि इंजिन सुरू करायची खूण करावी तसं हवेत गोल गोल फिरवलं.

आबा आमच्याकडं वळले. दोन्ही हात पसरून एकच शब्द बोलले.

"मागं."

त्या विमानात इंजिन नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं, आमच्या डोळ्यांपुढंच बांधलं होतं ते. बाळूनं सायकल ओढून घेतली. खलीलभाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. एका बाईनं लेकरू छातीशी धरलं आणि वळली. मी पदर खोचला आणि हातातली काठी घट्ट धरून मागं सरले. सगळा घोळकाच्या घोळका मागं सरला.

नाना सगळ्यांत लांब गेले होते. रस्ता ओलांडून, ढाब्याच्या खांबाला पाठ लावून, किटली पोटाशी धरून उभे होते.

तिथूनच त्यांनी आवाज दिला, "आबा, एवढं बास हाय, का अजून मागं सरू?"